तासाचा दर कसा ठरवला: कोल्हापुरात स्वतंत्र वायरमन म्हणून पहिले वर्ष

नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करणाऱ्या वायरमनला परवाना, हत्यारे आणि ओळखीपाळखी यांबद्दल सांगणारे पुष्कळ जण भेटतात. पण कामाचे पैसे किती घ्यायचे, या प्रश्नाला "गिऱ्हाईक बघून सांगायचे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. एप्रिल 2024 मध्ये मी स्वतंत्रपणे काम करू लागलो, तेव्हा मला सर्वांत जास्त धास्ती याच प्रश्नाची होती. आता दर ठरवून, तो लोकांना सांगून, वर्षभर टिकवून आणि एकदा वाढवूनही झाला आहे, म्हणून त्या सगळ्याचा क्रमवार हिशेब येथे देत आहे. यातील आकडे माझ्या घरखर्चाचे आणि कोल्हापूर शहराचे आहेत. ते जसेच्या तसे उचलू नयेत, मात्र ते कसे काढले हे कळले तर दुसऱ्याला स्वतःचे आकडे काढणे सोपे जाईल.

मी कळंबा रस्त्यावरील शासकीय आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर बरीच वर्षे गोकुळ शिरगाव येथील एका ठेकेदाराकडे नोकरी केली. शेवटचा पगार हातात 21,000 रुपये येत असे आणि भविष्य निर्वाह निधी वेगळा कापला जात असे. त्या पगारात घर चालत होते, पण मुलीची शाळा आणि वडिलांची औषधे यांमुळे दर महिन्याच्या शेवटी ओढाताण होऊ लागली होती. मार्च 2024 अखेर मी मालकांना सांगून, त्यांचे काम पूर्ण करून देऊन बाहेर पडलो. त्यांनीही मोठ्या मनाने परवानगी दिली आणि पुढे अनेकदा सल्लाही दिला.

पहिले दोन आठवडे कागदपत्रांत गेले. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅन यांवर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. शासनाच्या संकेतस्थळासारखी दिसणारी काही खासगी संकेतस्थळे तिच्यासाठी पैसे मागतात, तेथे भरू नयेत. अर्जात व्यवसायाचा संकेतांक विचारतात, त्यासाठी विद्युत जोडणीच्या कामांचा संकेतांक निवडावा. शॉप ॲक्टखाली दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पावती लगेच मिळते. चालू खाते उघडताना बँकेने या दोन्ही कागदांच्या प्रती मागितल्या, त्यामुळे बँकेत जाण्याआधी ते हातात असलेले बरे. व्यवसाय कराची नावनोंदणी करून वर्षाचे 2,500 रुपये भरले. जीएसटीची नोंदणी केली नाही, कारण सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर ती बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही.

परवान्याबद्दल येथेच सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा दराशी थेट संबंध आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता, विजेच्या मांडणीत भर घालणे किंवा बदल करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, प्रमाणित पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमननेच करायचे असते. महावितरणकडे नव्या जोडणीसाठी द्यावा लागणारा टेस्ट रिपोर्टही ठेकेदाराच्या सहीनेच जातो. माझ्याकडे वायरमनचा परवाना आहे, ठेकेदाराचा नाही. म्हणून मोठ्या वायरिंगची कामे मी माझ्या जुन्या मालकांच्या परवान्याखाली, त्यांच्या देखरेखीत करतो आणि त्यांचे शुल्क ग्राहकाला वेगळे दाखवतो. ते माझ्या दरात मिसळले तर माझा दर विनाकारण फुगतो आणि ग्राहकालाही कशाचे किती हे कळत नाही.

कोल्हापुरात घरगुती वायरिंगची मजुरी तीन प्रकारे ठरते. नव्या बांधकामात पॉइंटवर, म्हणजे दिव्याचा, पंख्याचा, प्लगचा प्रत्येक पॉइंट मोजून. जुन्या घरातील मोठ्या दुरुस्तीला हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर. आणि किरकोळ कामाला "या की बघून, देऊ काय असेल ते" या पद्धतीने. तासावर दर लावण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. मी ओळखीच्या वायरमन मित्रांना विचारले, तेव्हा एप्रिल 2024 मध्ये हजेरी 900 ते 1,000 रुपयांच्या आसपास होती आणि किरकोळ दुरुस्तीला घरी जाण्याचे 150 ते 200 रुपये घेतले जात होते. कोणाकडेही हा आकडा कसा आला याचे उत्तर नव्हते. सगळे घेतात तेवढे आपण घेतो, असेच प्रत्येकाचे म्हणणे होते.

मी ठरवले की पहिले तीन महिने प्रचलित दरानेच काम करायचे आणि तेवढ्या काळात प्रत्येक दिवसाची नोंद ठेवायची. त्यासाठी एक साधी वही केली. घरातून निघालो ती वेळ, ग्राहकाच्या दारात पोहोचलो ती वेळ, हत्यार हातात घेतले ती वेळ आणि खाली ठेवले ती वेळ असे चार रकाने आखले, आणि पाचव्या रकान्यात त्या कामासाठी दुकानात, फोनवर, अंदाजपत्रक लिहिण्यात किती वेळ गेला ते लिहू लागलो. रात्री जेवण झाल्यावर ही नोंद करण्याचा कंटाळा येतो, हे खरे आहे. पण दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली वेळ विश्वासार्ह राहत नाही, म्हणून मी ती गाडीवर बसण्यापूर्वीच लिहू लागलो. पुढे जे काही ठरले ते या वहीवरून ठरले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण ही नोंद अवश्य ठेवावी.

जूनअखेर वही घेऊन बसलो तेव्हा दिसले की मी रोज साडेआठ-नऊ तास घराबाहेर असतो, पण ज्याचे पैसे मागता येतील असे काम सरासरी साडेचार तासच होते. उरलेला वेळ फुलेवाडीहून कसबा बावड्याला जाण्यात, लक्ष्मीपुरीत एखादा जुन्या बनावटीचा स्विच शोधण्यात, कुलूप लावून बाहेर गेलेल्या ग्राहकाची वाट पाहण्यात आणि केवळ अंदाज विचारणाऱ्यांकडे जाऊन येण्यात जात होता. यातले काहीही टाळता येण्यासारखे नव्हते. महिन्याचे पंचवीस दिवस आणि दिवसाचे साडेचार तास धरले तर महिन्याला साधारण 110 तास विकता येतात. नोकरीत असताना मालक मला या सगळ्या वेळेचा पगार देत होते, त्यामुळे असा विचार करण्याची कधी वेळच आली नव्हती.

दुसरी बाजू खर्चाची. घरखर्च, घरभाडे, शाळा, औषधे मिळून 25,000 रुपये, आणि भविष्य निर्वाह निधी आता कोणी कापणार नसल्याने स्वतःहून बाजूला टाकायचे 3,000, असे घरासाठी 28,000 रुपये झाले. व्यवसायाच्या खर्चात पेट्रोल आणि गाडीची देखभाल 3,500; फोन 400; अपघात आणि आरोग्य विमा 1,200; व्यवसाय कर आणि कर सल्लागाराचे मिळून महिन्याला 700. हत्यारांचा हिशेब थोडा वेगळा करावा लागतो. हॅमर ड्रिल, झिरी मारण्याचे यंत्र, क्लॅम्प मीटर, मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासण्याचे मीटर), ॲल्युमिनियमची शिडी, क्रिंपिंगचे हत्यार, रबरी हातमोजे आणि किरकोळ पकडी-टेस्टर यांना मला 36,000 रुपये लागले. ही सारी सामग्री सरासरी दोन वर्षे चालेल असे धरले, म्हणजे महिन्याला 1,500 रुपये झीज. हे सगळे 7,300 रुपये होतात. त्यावर आजारपण, रिकामे दिवस आणि बुडणारे पैसे यांसाठी 2,700 रुपये राखीव ठेवले आणि आकडा 10,000 वर आणला.

घराचे 28,000 आणि व्यवसायाचे 10,000 असे 38,000 रुपये 110 तासांत मिळवायचे, तर एका तासाला 345 रुपये पडतात. मी ते 350 केले.

हा आकडा कागदावर पाहिल्यावर मला बराच वेळ काही सुचले नाही. आठ तासांच्या हजेरीने गुणले तर दिवसाचे 2,800 रुपये होत होते, आणि 1,000 रुपये हजेरी चालू असलेल्या गावात असा दर मागणाऱ्याला कोण बोलावणार, असे वाटले. मी वही आणि आकडे घेऊन शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका ज्येष्ठ कारागिरांकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे वाचले आणि एकच प्रश्न विचारला, "पोरा, एकाच घरात आठवडाभर काम असलं, तर तुझा वेळ वाया जातो का?" त्या प्रश्नातच मार्ग होता. सलग कामात जाणे-येणे एकदाच होते, शोधाशोध नसते, वाट पाहणे नसते. म्हणजे साडेचारऐवजी पूर्ण आठ तासांचे पैसे मिळतात. मग तेच 38,000 रुपये पंचवीस दिवसांत विभागले तर दिवसाला 1,520 रुपये होतात. मी सलग कामासाठी दिवसाचे 1,600 रुपये ठरवले. तासाचा आणि दिवसाचा दर असे दिसायला विसंगत वाटले तरी दोन्हीच्या मुळाशी महिन्याची एकच रक्कम आहे, आणि ग्राहकाने विचारले तर ते समजावून सांगता येते.

पॉइंटचा दरही मग याच रकमेवरून काढला. मदतनीस सोबत असताना, झिरी मारणे, पाइप टाकणे, वायर ओढणे आणि शेवटी बोर्ड बसवणे असे सगळे धरले, तर आम्हा दोघांचे दिवसाला सरासरी आठ पॉइंट होतात. माझे 1,600 आणि मदतनीसाची हजेरी 600, असे 2,200 रुपये आठ पॉइंटांत विभागले की पॉइंटला 275 रुपये येतात. हा दर शहरातील प्रचलित मजुरीपेक्षा फार वेगळा निघाला नाही, याचे मला समाधान वाटले. घरात भिंत काँक्रीटची असेल किंवा जुन्या दगडी वाड्याची असेल तर मात्र आठ पॉइंट होत नाहीत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांतील जुन्या घरांसाठी मी पॉइंटवर काम घेत नाही, दिवसाच्या दरावर घेतो, आणि हे पाहणी करतानाच सांगतो.

1 जुलै 2024 पासून नवे दर लागू केले. एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी छापून घेतल्या: पहिला तास 350 रुपये, तो पूर्ण धरला जाईल, पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला 175, शहरात जाण्या-येण्याचे वेगळे नाहीत, शहराबाहेर जाऊन-येऊन किलोमीटरला 8 रुपये. पहिला तास पूर्ण धरण्याचे कारण असे की पंख्याचा रेग्युलेटर बदलायला वीस मिनिटे लागली तरी राजारामपुरीतून निघून परत येईपर्यंत तास जातोच. हा कागद मी फोनवर पाठवतो आणि "चालेल" असे उत्तर आल्याशिवाय निघत नाही. दाराशी उभे राहून दर सांगणे दोघांनाही अवघड जाते, कारण आलेल्या माणसाला परत पाठवताना घरच्यांनाही संकोच होतो.

पहिल्या महिन्यात नकार बरेच आले, हे स्पष्ट सांगतो. ताराबाई पार्कातील एका काकूंनी फोनवर विचारले, "अहो, तासाला साडेतीनशे म्हणजे लई झालं की. आधीचा वायरमन दोनशेत सगळं करून जायचा." मी त्यांना म्हणालो, "काकू, त्यांना जमत असेल तर त्यांनाच बोलवा, माझी हरकत नाही. मला या दरात काम नीट तपासून देता येतं." त्यांनी त्या वेळी बोलावले नाही. नकार आल्यावर लगेच पन्नास रुपये कमी करण्याचा मोह होतो, आणि घरात पैशांची निकड असताना तो आवरणे फार कठीण जाते. मात्र एकाला कमी केलेला दर त्याच इमारतीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतो, आणि पूर्ण दर दिलेल्या ग्राहकावर तो अन्याय होतो. म्हणून मी दर कमी केला नाही. त्या महिन्यात राखीव रक्कम वापरावी लागली. निदान दोन महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय हा मार्ग धरू नये, असे माझे मत आहे.

तासाचा दर का आवश्यक आहे, हे मला मंगळवार पेठेतील एका घराने पटवून दिले. तेथे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वरचेवर पडत होती, आणि दोन वेळा ती बदलूनही फरक पडला नव्हता. मी सर्व एमसीबी (प्रत्येक परिपथाचे स्वयंचलित स्विच) खाली करून एकेक परिपथ मेगरने तपासला. इन्सुलेशन ठीक होते. शेवटी लक्षात आले की नंतर बसवलेल्या इन्व्हर्टरची फेज वेगळी घेतली होती, पण न्यूट्रल दुसऱ्याच परिपथाच्या न्यूट्रलला जोडलेला होता. आरसीसीबी तिच्यातून जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे का हे पाहते. न्यूट्रल असा सामाईक झाला की परतीचा प्रवाह भलत्या वाटेने जातो आणि गळती नसतानाही ती पडते. न्यूट्रल वेगळे करायला फार वेळ लागला नाही, शोधण्यातच बहुतेक वेळ गेला. एकूण तीन तास लागले, साहित्य जवळजवळ काहीच नाही, बिल 1,050 रुपये. पॉइंटच्या दरात या कामाला किंमतच नाही, कारण एकही पॉइंट वाढला नव्हता. अशा कामाला किंमत नसली की आरसीसीबी काढून टाकून थेट जोडून देण्याची पळवाट निघते, आणि ती एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

त्या अनुभवानंतर मी दोष शोधण्याच्या कामासाठी एक नियम केला. पहिल्या तासात तपासणी करायची, काय आढळले आणि पुढे किती वेळ लागेल हे घरच्यांना सांगायचे, आणि त्यांनी होकार दिला तरच पुढे जायचे. तास चालू आहे या विचाराने ग्राहक घड्याळाकडे पाहत बसतो, तो ताण या एका थांब्याने बराच कमी होतो.

साहित्याचा प्रश्न दराइतकाच नाजूक आहे. विजेच्या साहित्याच्या दुकानांत वायरमनला कमिशन मिळण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मजुरी कमी ठेवून ती भर कमिशनमधून काढली जाते, आणि मग कोणती वायर चांगली या सल्ल्यावर ग्राहकाचा विश्वास राहत नाही. मी दुकानदारांना सुरुवातीलाच सांगितले की कमिशनऐवजी तेवढी सूट ग्राहकाच्या बिलातच द्यावी, आणि बिल ग्राहकाच्या नावाने करावे. त्यामुळे 18 टक्के जीएसटीसह पक्के बिल आणि वॉरंटी ग्राहकाकडेच राहते. मी फक्त यादी लिहून देतो: दिव्यांसाठी 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या प्लगसाठी 2.5, गिझर आणि एसीसाठी 4, असे मापासह. यादी लिहिण्याचा वेळ तासाच्या दरात धरलेलाच आहे. 350 रुपये घेताना मान ताठ ठेवता येते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

जुलैच्या अखेरीस पाणी वाढू लागले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2024 मध्ये तिने धोका पातळी ओलांडली. 2019 आणि 2021 च्या महापुरांइतके पाणी आले नाही, तरी जयंती नाल्याच्या काठच्या सखल भागात घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर एकदम फोन येऊ लागले आणि दराबद्दल लगेच निर्णय घ्यावा लागला. मागणी वाढली म्हणून दर वाढवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नव्हते. पण सगळे फुकट करणेही शक्य नव्हते, कारण त्या आठवड्यात बाकीची कामे बंद होती. मी दर तोच ठेवला, कामाची विभागणी दोन भेटींत केली आणि पैसे दिवाळीपर्यंत दिले तरी चालतील असे सांगितले. पहिल्या भेटीत बोर्ड उघडून, गाळ धुऊन सर्व काही वाळायला मोकळे ठेवायचे. पाण्याखाली गेलेल्या एमसीबी आणि आरसीसीबी काढून टाकायच्या, त्या वाळवून पुन्हा वापरायच्या नाहीत. दुसऱ्या भेटीत 500 व्होल्टच्या मेगरने मोजायचे आणि किमान 1 मेगाओहम आल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नाही. वाळण्याच्या काळाचे अर्थातच पैसे नाहीत. एक-दोन घरांचे पैसे अजून आलेले नाहीत आणि ते मी मागणारही नाही. राखीव रकमेत बुडणाऱ्या पैशांचा वाटा धरलेला असतो तो अशासाठीच.

सप्टेंबरमध्ये गणेशोत्सव आला, आणि आमच्या तालमीच्या मंडळाचे काम आले. आपल्या गल्लीतील तालमीकडून मजुरी घ्यावी की नाही, हा कोल्हापुरात केवळ पैशांचा प्रश्न नसतो. मी पूर्ण दराने बिल लिहिले आणि त्याखाली तेवढीच वर्गणी दाखवून रक्कम शून्य केली. काम फुकट झाले, पण कामाची किंमत कागदावर राहिली, आणि नंतर दुसऱ्या मंडळांनी विचारले तेव्हा तोच कागद दाखवता आला. मंडपासाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी, आकडा टाकू नये, एवढी अट मात्र मी सर्वांना घातली. रात्री नऊनंतरच्या तातडीच्या कामांचा दरही याच सुमारास ठरला: पहिला तास 500 रुपये. जळका वास येतो किंवा ठिणग्या उडतात असा फोन आला, तर आधी मेन स्विच बंद करायला लावणे आणि सकाळपर्यंत थांबता येईल का हे सांगणे, याचे काहीही घेत नाही.

नोव्हेंबरपासून शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्याचे देखभालीचे काम मिळू लागले. तेथे दिवसाला 1,800 रुपये लावले, कारण पैसे उधारीवर मिळणार होते आणि तोवर मदतनीसाची हजेरी मला माझ्या खिशातून द्यावी लागणार होती. पहिले बिल बरेच दिवस अडकले. बिलावर उद्यम क्रमांक लिहिल्यावर आणि त्यांच्या लेखापालांशी बोलल्यावर ते निघाले. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत देणे कायद्याने आवश्यक आहे, आणि त्यापेक्षा उशीर झाला तर तो खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. ही तरतूद एप्रिल 2024 पासून लागू झाली आहे आणि लेखापालांना ती चांगली ठाऊक असते, त्यामुळे भांडण्याची गरज पडत नाही. त्यांनी बिलातून 1 टक्का टीडीएस कापला. तो दर कमी मिळाला असे समजू नये. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळवता येतो.

विवरणपत्र मी 'सुगम' म्हणजे आयटीआर-4 या अर्जात, अनुमानित उत्पन्नाच्या कलम 44एडीखाली भरले. या पद्धतीत बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के आणि रोखीच्या किमान 8 टक्के नफा दाखवावा लागतो. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवावा, कारण माझ्यासारख्याच्या हाती तर 6 टक्क्यांपेक्षा पुष्कळ जास्त उरते, आणि पुढे घरासाठी कर्ज घ्यायचे झाले तर बँक हेच कागद पाहते. उत्पन्न सवलतीच्या मर्यादेत असल्याने कर भरावा लागला नाही आणि कारखान्याने कापलेला टीडीएस परत मिळाला.

मार्च 2025 मध्ये पुन्हा वही घेऊन बसलो. घरखर्च 31,000 झाला होता. व्यवसायाचा खर्च 12,000 झाला होता, त्यात मदतनीसाचा अपघात विमा नव्याने घेतला होता आणि दगडी भिंतींच्या कामांमुळे ड्रिलची झीज अंदाजापेक्षा जास्त झाली होती. दुसरीकडे, ग्राहक जवळच्या भागांतले मिळू लागल्याने महिन्याचे विकले जाणारे तास 115 पर्यंत गेले होते. 43,000 भागिले 115, म्हणजे 374. नवा दर 375 रुपये तास आणि 1,750 रुपये दिवस असा ठरवला. मदतनीसाची हजेरी 600 वरून 700 केली, त्यामुळे पॉइंटचा दर 275 वरून 305 वर गेला. दिवसाच्या 2,450 रुपयांचे आठ भाग केले की 306 येतात, ते थोडे खाली आणले.

15 मार्चला सर्व जुन्या ग्राहकांना निरोप पाठवला की 1 एप्रिलपासून दर बदलतील आणि त्याआधी ठरलेली कामे जुन्याच दराने पूर्ण होतील. निरोपात कारणे लिहिली नाहीत. विचारणाऱ्याला सांगायला तयार होतो, पण फार थोड्यांनी विचारले. ताराबाई पार्कातील त्या काकूंचा फोन त्याच आठवड्यात आला. त्यांच्या गिझरचा प्लग वितळला होता. नवा दर एप्रिलपासून आहे ना, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली आणि 31 मार्चची वेळ मागितली. गिझर 2.5 च्या वायरवर चालवला जात होता. ती बदलून 4 ची टाकली, अर्थिंग तपासले, दोन तास लागले आणि 700 रुपये घेतले.

पुढचा आढावा मार्च 2026 मध्ये घ्यायचे ठरवले. त्यासाठी वहीत आणखी एक रकाना वाढवला आहे: मी केलेल्या कामात सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर मी तो विनामूल्य दुरुस्त करतो, आणि त्यात जाणारे तास आजवर मी वेगळे मोजत नव्हतो.